अर्धी हजेरी

चेलाडी फाट्याला महामार्ग सोडून नसरापूर मागं टाकलं, की रस्ता वेल्ह्याकडं निघतो. खाली भाताची खाचरं आणि वर गडांचे माथे, एवढंच मग डोळ्यांपुढं राहतं. त्या रस्त्यालगतच्या एका गावात जुन्या घराच्या माडीवर एक डिझाइन स्टुडिओ होता. पूर्वी तिथं भाताची कणगी असायची. आता कणगीच्या जागी एक टेबल, एक मोठा स्क्रीन, एक इन्व्हर्टर आणि या सगळ्याची मालकीण ताई.

ताईनं पुण्यात जाहिरातीच्या धंद्यात बारा वर्षं काढली होती. २०२० च्या टाळेबंदीत ती नवऱ्याबरोबर सासरी आली आणि परत गेलीच नाही. कामं फोनवर ठरत, फायली इंटरनेटवरून जात. एक सहकारी सांगलीला होता, दुसरा नागपूरला. तिघांनी मिळून शंभरावर कामं केली होती, पण एका टेबलावर चहा कधी घेतला नव्हता. धंदा वाढला तसे सहा हात पुरेनात. आणखी एक ग्राफिक डिझायनर घ्यायचं ठरलं.

ताईनं जाहिरात टाकली. काम घरून करायचं, गाव कुठलंही चालेल, मराठी अक्षरांची जाण हवी. आठ दिवसांत सत्तरेक अर्ज आले. ताईनं रात्री जागून ते चाळले आणि तिघांची नावं बाजूला काढली.

पहिला पुण्याचा. त्याच्या कामांचा संच पाहून डोळे निवत. कॉफीचे पेले, साबणाच्या वड्या, अत्तराच्या बाटल्या, सगळ्यांवर नाजूक इंग्रजी अक्षरं. यातली एकही वस्तू कुठल्या दुकानात विकायला आलेली नव्हती, ही गोष्ट ताईच्या लक्षात आली, पण तिनं ती मनावर घेतली नाही.

दुसरा चपळ. सकाळी पाठवलेल्या निरोपाला त्यानं सकाळीच उत्तर दिलं. ‘कितीही काम द्या, त्याच दिवशी मिळेल,’ असं अर्जातच लिहिलेलं.

तिसरी भोर तालुक्यातली, वरंध घाटाच्या वाटेवर हिर्डोशीकडच्या एका वाडीतली मुलगी. भोरमध्ये फ्लेक्सच्या दुकानात कामाला होती. तिच्या संचात काय असणार? वाढदिवसाचे फलक, लग्नपत्रिका, जत्रेचं एक पत्रक, कुस्तीच्या आखाड्याची जाहिरात. एका फलकावर तर चाळीस चेहरे. ताईला हसू आलं. तरी तिनं अर्ज मिटला नाही, कारण प्रत्येक कामाखाली मुलीनं दोन-तीन ओळी लिहिल्या होत्या. चाळीस चेहऱ्यांखाली लिहिलं होतं, ‘गिऱ्हाइकानं फोटो रात्री नऊला दिले, फलक सकाळी सहाला लागायचा होता. कुणाचा चेहरा मोठा यावरून भांडण होऊ नये म्हणून सगळे एका मापाचे केले. चाळीसही नावं फोन करून तपासली, एकाही नावात चूक नाही.’ कुस्तीच्या जाहिरातीखाली होतं, ‘यात बक्षिसाची रक्कम आधी चुकली होती. चूक माझी. अर्धे फलक परत छापले.’

स्वतःची चूक अर्जात लिहिणारं माणूस ताईनं पहिल्यांदाच पाहिलं. तिनं तिसरं नाव ठेवलं.

आता परीक्षा. नेमकं त्याच सुमाराला तोरण्याच्या पायथ्याच्या बायकांच्या बचत गटाचं काम ताईकडं आलं होतं. गटाला आपला इंद्रायणी तांदूळ व्यापाऱ्याला न घालता स्वतः पिशवीत भरून विकायचा होता. पीक दिवाळीच्या पुढं-मागं हाती येणार, पिशवी त्याच्या आधी हवी. ताईच्या मनात आलं, तिघांनाही हीच पिशवी परीक्षेसाठी द्यावी. तीन नमुने मिळतील, त्यातला एक तर लागी लागेल. परीक्षाही होईल आणि कामही.

ताई खिडकीशी बसून परीक्षेचा निरोप लिहीत होती, तेव्हा खाली खाचरात लावणी चालू होती. सासूबाई बांधावर उभ्या. ताई त्यांना आत्याबाई म्हणे. रोजच्या बायकांत त्या दिवशी शेजारच्या वाडीची एक नवी बाई होती. दुपारी तरवा संपला, काम थांबलं. बायका पाय धुऊन इरली झटकत अंगणात आल्या. आत्याबाईंनी नव्या बाईला बाजूला घेतलं. म्हणाल्या, “बाई, तुझा हात जड हाय. एका चुडात सात-आठ रोपं धरतीस, अन् खोल दाबतीस. फुटवा यायचा न्हाई. उद्या येऊ नगंस.” आणि कनवटीचे पैसे मोजून तिच्या हातावर अर्धी हजेरी ठेवली. बाईनं पैसे मोजले, पदराला बांधले आणि “बरं,” म्हणून निघून गेली. कुणाचा आवाज चढला नाही.

ताईनं हे सगळं वरून पाहिलं. पाहता पाहता तिच्या बोटांनी पुढचं वाक्य लिहिलं: ‘ही निवड चाचणी विनामोबदला असेल.’ आणि तिनं निरोप पाठवून दिला.

दुसऱ्याचं उत्तर दोन तासांत आलं. पहिल्यानं तीन दिवस घेतले, पण पिशवी अशी केली की ताई खुर्चीतून उठून उभी राहिली. पहाटेचं धुकं, त्यातून वर आलेला गड, धुक्यावर सोनेरी अक्षरं.

तिसरीकडून पिशवी आलीच नाही. रात्री साडेअकराला एक निरोप आला. त्या वेळी तिच्या वाडीत रेंज नव्हती. टेकाडाच्या खांद्यावर चढून तो पाठवलेला.

‘नमस्कार ताई. काम वाचलं. हात घालण्याआधी काही विचारते. पिशवी कशावर आणि कुठं छापणार? किती नग? तांदूळ पॉलिशचा की हातसडीचा? गटाकडं अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर आहे का? पत्त्यात तालुका वेल्हे लिहायचा की राजगड? नाव बदलायचा निर्णय झालाय, पण परवान्यावर काय आहे तेच पिशवीवर हवं. आणि शेवटचं. हे काम खरं आहे का परीक्षेपुरतं? खरं असेल तर मजुरी आधी ठरवू. परीक्षेपुरतं असेल तर दोन तासांत होईल तेवढंच करीन. त्याच्या पुढं दुकानात माझा खाडा पडतो.’

ताईच्या कपाळाला आठी पडली. अजून नोकरी नाही आणि ही मजुरीची बोली करते! बाकीच्या दोघांनी एक अक्षर न बोलता काम करून दिलं. तिनं निरोपाला उत्तर दिलं नाही. आठवडा गेला. पहिल्याचं नाव तिच्या मनात जवळजवळ नक्की झालं होतं.

मग ताई दोन्ही नमुने घेऊन गटाच्या बायकांना दाखवायला गेली. समाजमंदिरात सतरंजी अंथरलेली, बाहेर धो धो पाऊस. ताईनं आधी दुसऱ्याचा नमुना भिंतीला टेकवून ठेवला. बायका जवळ सरकल्या. क्षणभर कुणीच बोललं नाही.

मग एक म्हातारी म्हणाली, “ह्यो कंचा गड?”

“तोरणा,” ताई म्हणाली.

“तोरण्याला समुद्र कधी लागला?”

सगळ्या हसल्या. खरंच, गडाच्या पायाशी निळं पाणी होतं. चित्र यंत्राकडून काढून घेतलेलं होतं. यंत्रानं किल्ला म्हटल्यावर कुठल्या तरी जलदुर्गाची आठवण काढली असावी. झुंजार माची नाही, बुधला माची नाही, असा तोरणा त्या बायकांनी जन्मात पाहिला नव्हता. तेवढ्यात दुसरीनं बोट ठेवलं, “आणि ही तर गव्हाची ओंबी. कशी ताठ उभीय बघा. भाताची लोंबी भरली की वाकती.”

ताईनं घाईनं पहिल्याचा नमुना पुढं केला. बायकांच्या तोंडून “आहाहा” निघालं. मग शाळेत जाणारी एक नात वाचायला लागली आणि अडखळली. ‘किलो’मधली वेलांटी ‘क’च्या आधी बसायच्या ऐवजी नंतर बसली होती. ‘महाराष्ट्र’मधला ‘ष्ट्र’ फुटून तीन अक्षरं पाय मोडून वेगवेगळी उभी होती. हा दोष त्या मुलाच्या बुद्धीचा नव्हता. डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये भारतीय लिप्यांसाठी एक वेगळी सोय चालू करावी लागते, ती केली नाही तर जोडाक्षरं अशीच तुटतात. पण तुटलेलं अक्षर वाचून पाहायला ते वाचणारं माणूस लागतं. त्यानं अक्षराकडं नक्षी म्हणून पाहिलं होतं, वाचलं नव्हतं.

“आन् ह्यो तांदूळ लांबडा का?” गटाच्या प्रमुख काकींनी विचारलं. पिशवीवर पारदर्शक, लांबसडक बासमतीचा दाणा चमकत होता. इंद्रायणीचा दाणा तसा नसतोच. आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात १९८७ मध्ये आलेलं हे वाण. भात मऊ, चिकट, वास आंबेमोहराच्या घराण्याचा. गिऱ्हाईक पिशवीवर लांब दाणा पाहून घेऊन जाईल, घरी चिकट भात होईल आणि फसवलं म्हणून परत कधी येणार नाही. काकी म्हणाल्या, “आपला माल वाईट नाही. चित्रानं वाईट ठरंल.”

ताईनं तिथूनच पुण्याच्या छपाईवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, “सात-आठ रंग आहेत यात, ताई. जितके रंग तितके सिलिंडर कोरावे लागतात. तुमचे नग किती? एवढ्याला सिलिंडरचा खर्चच तांदळाच्या वर जाईल.”

फोन ठेवला तेव्हा ताईला त्या रात्रीचा निरोप आठवला. पिशवी कशावर छापणार? किती नग? पहिलेच दोन प्रश्न.

काकींनी चहा पुढं केला आणि सहज विचारलं, “ही चित्रं तुमच्या माणसांनी काढली का?”

“नाही. नवीन माणूस घ्यायचंय. त्यांची परीक्षा घेतली.”

“मग त्यांना काय दिलं?”

“परीक्षेचं काय द्यायचं?” ताई म्हणाली.

काकींनी बशी खाली ठेवली. “परीक्षेचंच हाय, तर आमच्या पिशवीवर लावायला कसं आणलं?”

प्रश्नात राग नव्हता. काकींना ते खरंच समजत नव्हतं. ताईकडं उत्तर नव्हतं. तिनं छत्री उचलली.

परतीच्या वाटेवर पाण्यानं खाचरं काठोकाठ भरली होती. आत्याबाईंनी ज्या खाचरात नवी बाई लावली होती, ते ताईनं लांबूनच ओळखलं. तेवढ्या पट्ट्यातले चूड दाट आणि ओळी वाकड्या. पीक तिथं कमी येणार, हे आत्याबाईंना त्याच दिवशी कळलं होतं. तरी त्यांनी अर्धी हजेरी मोजली. काम आवडलं म्हणून नाही. अर्धा दिवस त्या बाईची कंबर त्यांच्या चिखलात वाकली होती म्हणून.

घरी येऊन ताईनं विचारलं, “आत्याबाई, त्या बाईचं काम तर बिघडलंच होतं. मग पैसे का दिले?”

आत्याबाई चुलीपुढं होत्या. “तिचा हात बघायचा व्हता ना मला? मग बघायचे पैसे माझ्याच कनवटीचे.” आणि जरा थांबून, “फुकट बघितलं असतं तर उद्या वाडीतली एक बाई माझ्या बांधावर आली नसती.”

त्या रात्री ताईनं तिघांनाही अर्ध्या दिवसाचे पैसे पाठवले. सोबत एकच मजकूर. ‘तुम्हाला दिलेलं काम खरं होतं, हे मी सांगितलं नाही. चूक माझी.’ पहिल्या दोघांना त्यांचे दोषही स्वच्छ लिहिले.

दुसऱ्याकडून नुसता अंगठा आला. पहिल्याचं उत्तर उशिरा आलं, ‘वेलांटी कुठं बिघडली ते दाखवाल का? मला ती दिसलीच नव्हती.’ ताईनं त्याला फोनवर ती सोय दाखवली. तिसरीनं लिहिलं, ‘मी तर अजून काही काढलं नाही, पैसे कशाचे?’ ताईनं उत्तर दिलं, ‘प्रश्नांचे.’

“मग काम करशील का?” ताईनं दुसऱ्या दिवशी फोनवर विचारलं.

“करीन. पण आता आमच्या घरी लावणी आहे, चार दिवस थांबावं लागेल,” पलीकडून आवाज आला. “आणि ताई, आधी सांगते, पावसात आमच्याकडं लाइट दोन-दोन दिवस जाते. तुम्हाला चालणार नसेल तर आत्ताच सांगा.”

परीक्षा कोण कुणाची घेतंय, असं ताईला वाटून गेलं. तिला हसू आलं. ती चार दिवस थांबली.

मुलीनं आधी पिशवी काढलीच नाही. गटाच्या बायकांना तिनं फोनवर सांगितलं, “तुमच्या खाचरात उभं राहून गडाचा एकेक फोटो काढून पाठवा. चांगला नसला तरी चालेल.” नऊ फोटो आले. काहींत बोट आलेलं, एकात म्हैस. त्या सगळ्यांतून तिनं गडाची एकच रेघ काढली. तिच्यावर गेरूचा रंग, खाली वाकलेली लोंबी हिरवी. दोनच रंग, म्हणजे साध्या तयार पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंगनं छापता येईल. वजन, किंमत आणि पॅकिंगची तारीख पिशवीवर न छापता स्टिकरवर, म्हणजे एकच छाप पाच किलोच्या पिशवीलाही चालेल आणि भाव बदलला तरी पिशवी वाया जाणार नाही. अक्षरांसाठी ‘मुक्ता’ हा फॉन्ट. मुंबईच्या ‘एक टाइप’नं केलेला तो फॉन्ट सर्वांना मोफत खुला आहे, धंद्यासाठीही. “चोरीचा फॉन्ट नको, ताई. गट लहान आहे, उद्या कुणी नोटीस धाडली तर भरणार कुठून?”

तिची पिशवी निर्दोष होती असं नाही. पत्ता तिनं इतक्या बारीक अक्षरांत बसवला होता, की म्हातारीनं पिशवी हातभर लांब धरली तरी वाचता येईना. मुलीनं वाद घातला नाही. पत्ता मोठा केला आणि त्यासाठी लोंबी लहान केली. मग अख्खा मजकूर तिनं फोनवर काकींना अक्षरन् अक्षर वाचून दाखवला आणि ‘बरोबर’ म्हणून घेतलं.

“एवढं कशाला? पाठवून दिलं असतंस तरी वाचलं असतं त्यांनी,” ताई म्हणाली.

“डोळा आपलंच लिहिलेलं चुकवतो, ताई. कान चुकवत नाही.” मुलगी हसली. “आणि आमचं भोर सचिवांचं गाव. दरबारच्या पत्रातलं उणं-अधिक अक्षर दुरुस्त करणं हे सचिवांचं काम. भोरच्या माणसानं वेलांटी चुकवली तर पंतसचिव राजवाड्यातून खाली येतील.”

छापून आलेली पहिली पिशवी समाजमंदिरात भिंतीला टेकवून ठेवली. त्या म्हातारीनं डोळे बारीक करून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, “ह्यो आपला.” एवढंच.

मुलगी स्टुडिओत रुजू झाली. म्हणजे तिच्या वाडीतच राहिली. दुसऱ्या महिन्यात ताईनं तिच्या घरी एक इन्व्हर्टर बसवून दिला, आणि लाइट जाण्याचे दोन दिवस धरूनच गिऱ्हाइकांना तारखा द्यायला सुरुवात केली. पुण्याच्या त्या पहिल्या मुलालाही पुढं एका अत्तरवाल्याचं काम मिळालं, ताईकडूनच. त्यानं पाठवलेल्या फायलीत एकच वाक्य मराठी होतं. ते त्यानं आधी मोठ्यानं वाचून पाहिलं होतं, असं त्यानं आवर्जून कळवलं.

पुढच्या वर्षी स्टुडिओला आणखी एक माणूस हवं होतं. ताई पुन्हा त्याच खिडकीशी बसली. खाली पुन्हा लावणी चालली होती. जाहिरातीच्या शेवटी तिनं लिहिलं, ‘निवडीचं काम अर्ध्या दिवसाचं. निवड होवो न होवो, त्याची मजुरी त्याच संध्याकाळी.’

नागपूरच्या सहकाऱ्यानं फोन करून विचारलं, “ताई, सगळ्यांनाच पैसे? फार जण आले तर?”

“म्हणून आधी नीट वाचायचं, आणि तिघांनाच बोलवायचं,” ताई म्हणाली. “मजुरी द्यायची म्हटली की अर्ज लक्ष देऊन वाचले जातात. गेल्या वर्षी मी फुकट परीक्षा घेणार होते, म्हणून वाचायचा आळस केला. नाहीतर चाळीस चेहऱ्यांचा तो फलक बघूनच मला कळायला हवं होतं.”

खाली बांधावरून आत्याबाईंनी हाक मारली. तरवा संपला होता. ताई फोन ठेवून हजेरीची वही घेऊन खाली गेली.

तात्पर्य: हात पारखायचा असेल, तर पारखण्याची हजेरी आपण भरावी. जो काम मागण्याआधी मजुरी सांगतो, त्यालाच काम घेण्याआधी प्रश्न विचारणारं माणूस मिळतं.